दानाची अट

दोन वर्षांपूर्वी निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई माझ्याकडे मृत्युपत्र करायला आल्या. रत्नागिरीत मी चाळीस वर्षं वकिली केली. घर, कलमांची बाग, दागिने यांच्या वाटण्या पुष्कळ लिहिल्या. बाईंना बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून गावच्या देवळात दरवर्षी भजनाचं बक्षीस ठेवायचं होतं. एकच अट: गाणाऱ्याचा शब्द न् शब्द मागच्या ओळीत बसलेल्या म्हातारीला कळला पाहिजे. मी म्हटलं, "बाई, ही अट काढा. ‘कळला’ हे ठरवायचं कुणी? उद्या भाऊबंद कोर्टात गेले तर संदिग्ध म्हणून बोट ठेवतील. आणि खरं सांगू? दिलं ते दिलं. अट घातली की दान उरतं का?"

बाई काही बोलल्या नाहीत. कागद घेऊन गेल्या. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

त्याच दिवसांत मी रोसिनीबद्दल वाचत होतो. पेसारोत जन्मलेला हा इटालियन संगीतकार 13 नोव्हेंबर 1868 रोजी पॅरिसमधल्या पासी भागात वारला. जन्मगावी संगीतशाळा निघावी याची तजवीज त्याने मृत्युपत्रात केलीच होती, पण ज्या पॅरिसने त्याला आसरा दिला त्या शहरासाठीही एक कलम लिहिलं. माझ्या आणि माझ्या बायकोच्या पश्चात कायमसाठी दरवर्षी दोन बक्षिसं द्यावीत, फक्त फ्रेंचांना, प्रत्येकी 3000 फ्रँक. एक धार्मिक किंवा नाट्यसंगीताच्या रचनाकाराला, पण त्याने सुरावटीकडे मुख्य लक्ष दिलं पाहिजे, कारण हल्ली तिची हेळसांड होते. दुसरं शब्दकाराला. त्याचे शब्द संगीताला चपखल बसावेत आणि त्याने नीतीचे नियम पाळावेत. देखरेख कला अकादमीकडे.

वकील म्हणून मी हे कलम पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या 1925च्या वारसा कायद्यातल्या, संदिग्ध मृत्युपत्राबद्दलच्या 89व्या कलमाखाली ‘सुरावट’ हा शब्द कितपत टिकला असता? नीतीची अट तर मला आजही खटकते. नीती म्हणजे काय ते दरवर्षी परीक्षकांच्या मर्जीवर. पण दोन्ही रकमा सारख्या आहेत, तिथे मी थांबलो. ‘विल्यम टेल’ रोसिनीचा हे जगाला ठाऊक आहे; त्याचे शब्द ज्या दोघांनी लिहिले ते जुई आणि बीस आज कुणाला आठवतात? आपल्याकडे याच्या बरोबर उलट. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते, आणि पिढ्यान् पिढ्या गातो त्या जुन्या चाली कुणी बांधल्या ते कळायला मार्ग नाही. शब्द आणि सूर यांतलं एक नेहमी अनाथ होतं. रोसिनीने दोघांना एकाच तराजूत घातलं, तेही मेल्यावर, जेव्हा त्यातून त्याला स्वतःला काही मिळणार नव्हतं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी ते पाठ केले होते, नीट वाचले नव्हते. सात्त्विक दानातही देश, काळ आणि पात्र पाहायचंच असतं. परतफेडीची किंवा फळाची आशा धरून दिलं की ते राजस होतं. म्हणजे अट हा दोष नव्हे. ती कुणाच्या भल्यासाठी घातली आहे हे पाहायचं. सुरावट जप, ही अट घेणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या पदरात पडते. देणारा तोवर मातीत गेलेला असतो.

याचा अर्थ रोसिनी निरिच्छ होता असा नाही. वयाच्या सदतिसाव्या वर्षानंतर त्याने एकही नवा ऑपेरा लिहिला नाही. मग 1863 साली सत्तरी ओलांडल्यावर त्याने एक प्रार्थनासंगीत रचलं: बारा गायक, दोन पियानो आणि एक हार्मोनियम. हो, आपल्या भजनातली पेटी ज्या वाद्याची लेक आहे, ते पॅरिसमध्येच घडलेलं वाद्य. त्या हस्तलिखितावर त्याने देवाला लिहिलं आहे की विद्या थोडी, जीव थोडा ओतलाय, एवढंच. मला स्वर्ग दे. देवाकडे त्याने उघड मागितलं. माणसांसाठी लिहिलेल्या कागदात स्वतःसाठी काही मागितलं नाही, बक्षिसाला लागलेलं नाव सोडलं तर.

ते नावही एकट्याचंच. पत्नी ओलिंप 1878मध्ये वारली, तेव्हा कुठे ही बक्षिसं सुरू व्हायला वाट मोकळी झाली. 1887 साली रोसिनीचे अवशेष पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीतून फ्लॉरेन्सला, सांता क्रोचेत नेले. ओलिंप पेर लाशेजमध्येच राहिली. बक्षिसाच्या इतिहासात तिचं स्थान एवढंच, की तिच्या मरणाची तारीख मोजली गेली.

मी बाईंना निरोप पाठवला. अट त्यांच्याच शब्दांत लिहिली, फक्त परीक्षक कसे निवडायचे ते जोडलं. मग विचारलं, बक्षिसाला नाव काय द्यायचं?

"ह्यांचं."

"आणि तुमचं?"

साक्षीदार दोघे येऊन बसले होते. बाईंनी चष्मा पुसला, पेन मागितलं. म्हणाल्या, "मी सही करत्ये की, वकीलसाहेब."