जुना शेरा

मनुष्याची एकदा झालेली चूक किती काळ त्याची मानावी, हा प्रश्न धर्मशास्त्राने, न्यायाने आणि घरोघरच्या आयांनी आपापल्या परीने सोडविला आहे. धर्मशास्त्राने प्रायश्चित्त सांगितले, न्यायाने शिक्षेला मुदत घातली, आणि आई तर संध्याकाळपर्यंत सारे विसरून पान वाढते. परंतु ज्यांचे काम केवळ कागद पाहून माणूस निवडण्याचे आहे, त्यांनी या बाबतीत काय करावे? आणि ज्याची निवड व्हावयाची आहे, त्याने आपल्या चुकीविषयी काय सांगावे? एका साध्या प्रसंगाने हे दोन्ही प्रश्न आमच्यापुढे आणून उभे केले.

कचेरीतील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांकडे आम्ही बसलो असता अमेरिकेहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. मुलगा तिकडेच वाढलेला. त्याला डॉक्टर व्हावयाचे आहे. पण महाविद्यालयातील पहिली वर्षे त्याने वाया घालविली, आणि पदवी हाती आली ती अगदी सामान्य गुणांची. पुढे तो सावरला. आता वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करावयाचा, आणि त्यात त्या घसरणीची हकीगत लिहावयाची. तो म्हणाला, "मामा, आई म्हणते, आजोबांच्या आजारपणामुळे असं झालं म्हणून लिही. आजोबा आजारी होते हे खरंच आहे. पण माझे मार्क गेले ते त्यामुळे नाही. मी अभ्यासच केला नव्हता. काय लिहू?" स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. पुढील विवेचन हे त्याचेच उशिरा दिलेले उत्तर होय.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मराठी माणसाला प्रथम आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी तेथे प्रवेशासाठी आधीच्या पदवीची सरसकट अट नव्हती. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांचा तेथील वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला; विज्ञानाचे पूर्वशिक्षण असल्यावाचून वैद्यकाच्या वर्गात कोणाला घेऊ नये, या विचाराने त्यानंतर जोर धरला. आज तेथे बहुतेक विद्यार्थी चार वर्षांची पदवी घेऊन, एक स्वतंत्र प्रवेशपरीक्षा देऊन, मग अर्ज करतात. पदवीतील प्रत्येक विषयाची श्रेणी चारपैकी किती, अशी मांडली जाते. प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी अलीकडे पावणेचारच्याही किंचित वर असते.

येथे गणिताचा निष्ठुरपणा पाहण्यासारखा आहे. पदवीचे श्रेयांक साधारणपणे १२० असतात. एखाद्याची त्यावरील सरासरी अडीच आली असे समजा. पुढे त्याने दोन वर्षे खपून आणखी ६० श्रेयांक घेतले आणि प्रत्येक विषयात चारपैकी चार मिळविले. त्याची एकूण सरासरी किती होईल? केवळ तीन. दोन वर्षांच्या निर्दोष तपश्चर्येने अर्धा गुण सरकला! शिवाय ही दोन वर्षे फुकट मिळत नाहीत. फी भरण्याची ऐपत लागते. तेव्हा पश्चात्तापाची संधीही ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणेच मिळते, हे विसरून चालणार नाही.

हा निष्ठुरपणा सौम्य करण्याचे प्रयत्न तेथे झाले आहेत. ऑस्टिओपॅथी नावाची वैद्यकाची जी दुसरी शाखा तेथे आहे, तिच्या प्रवेशपद्धतीत एखादा विषय पुन्हा घेतल्यास जुनी श्रेणी गणतीतून वगळीत असत. २०१७ साली ती सवलत बंद झाली. आता सर्व प्रयत्न मोजले जातात. टेक्सास राज्यात मात्र एक विलक्षण कायदा आहे. दहा वर्षांहून जुने शिक्षण प्रवेशाच्या वेळी विचारात घेऊ नये, असे विद्यार्थ्याला मागता येते; पण मग ते सारेच सोडावे लागते. वाईट श्रेणी टाकून चांगल्या तेवढ्या ठेवता येत नाहीत. त्या कायद्याने नकळत एक मोठे तत्त्व सांगितले आहे, असे आम्हांस वाटते. भूतकाळ पुसावयाचा तर तो सगळाच पुसला जातो, त्यातील कमाईसुद्धा.

आपल्या देशातील रीत याच्या अगदी उलट आहे. येथे बारावीला ठरलेले किमान गुण असले की पुढे सारी भिस्त 'नीट' परीक्षेवर. मागील वर्षी किती पडले, हे गुणवत्तायादी विचारीत नाही. वयाची कमाल मर्यादाही २०२२ साली उठली. अमेरिकेची पद्धत काही विसरत नाही, आणि आपली काही लक्षात ठेवीत नाही. तेथे आठ वर्षांपूर्वीचा आळस पाठ सोडीत नाही. येथे बारा वर्षांचा अभ्यास एका दुपारच्या तापाने व्यर्थ जाऊ शकतो. या दोहोंत न्याय कोणता?

आम्हां सरकारी नोकरांना या प्रश्नाची चव चांगली परिचयाची आहे. सेवापुस्तक आणि वार्षिक अहवाल यांच्या छायेतच आपले आयुष्य जाते. एके काळी प्रतिकूल शेरा तेवढा कळवीत आणि बाकीचा अहवाल गुप्त राहत असे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद संबंधिताला कळविली पाहिजे असे सांगितले, आणि पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखविण्याचा आदेश काढला. परंतु आमच्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे तो १९९२ सालचा, बैकुंठनाथ दास यांच्या प्रकरणातील निकाल. सक्तीच्या निवृत्तीचा विचार करताना संपूर्ण सेवेची नोंद पाहावी, पण अलीकडच्या वर्षांना अधिक महत्त्व द्यावे. आणि शेरे असतानाही ज्याला बढती मिळाली, त्याच्या जुन्या शेऱ्यांची धार जाते, विशेषतः ती बढती गुणांवर मिळाली असेल तर, असा त्याचा आशय आहे. कागद फाडू नका, पण तो क्रमाने वाचा, असेच जणू न्यायालयाने सांगितले.

आमच्या मते सरासरीचा खरा दोष कठोरपणा हा नाही; तिला क्रम दिसत नाही, हा आहे. एक विद्यार्थी चारपासून निघून दोनवर आला, दुसरा दोनपासून निघून चारवर गेला. दोघांनी सारखेच विषय घेतले असतील तर सरासरीच्या लेखी दोघे जुळे भाऊ. पण रोग्याने आपली नाडी कोणाच्या हाती द्यावी, हे आपण क्षणात सांगू. अमेरिकेतील अर्जात एकूण सरासरीबरोबर वर्षवार सरासरीही दाखविलेली असते. म्हणजे क्रम कागदावर आहे. तो वाचणारा माणूस हवा. हजारो अर्ज पुढ्यात असलेल्या माणसाला चाळणी लावण्याचा मोह होतो, हे आम्ही समजू शकतो. फायलींचे ढीग आम्हीही उपसले आहेत. पण समजणे वेगळे आणि समर्थन वेगळे.

याला दुसरीही बाजू आहे. जो कधी घसरलाच नाही, त्याचा काय अपराध? जागा एक आणि दोघेही आज तुल्यबळ, तर पहिल्यापासून सचोटीने अभ्यास करणाऱ्याला मागे सारून सावरलेल्याचे कौतुक करणे हाही अन्यायच होईल. पडून उठणे हा गुण खरा. पण न पडणे हा काही अवगुण नव्हे. म्हणून सावरलेल्या माणसाने पारितोषिक मागू नये. आपला कागद शेवटच्या पानापर्यंत वाचला जावा, एवढेच मागावे. तेवढा हक्क मात्र त्याला निःसंशय आहे.

इंग्लंडमधील जॉन गर्डन यांना १९४९ साली शाळेत जीवशास्त्रात २५० मुलांत अगदी शेवटचा क्रमांक मिळाला, आणि शास्त्रज्ञ होण्याचा त्यांचा विचार हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी मारला. २०१२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या गोष्टीवरून प्रत्येक शेवटला पहिला होतो असे कोणी समजू नये. जे वर आले नाहीत त्यांच्या प्रगतिपुस्तकांची कोणी आठवण ठेवीत नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. गर्डन यांनी तो शेरा फाडला नाही. चौकट करून आपल्या कामाच्या टेबलावरच्या भिंतीवर लावला. जो कागद लपविला असता तर जन्मभर छळता, तोच उघड्यावर ठेवल्याने निरुपद्रवी झाला.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. आईचा सल्ला वाईट हेतूचा नाही; लेकराला झाकण्यासाठी तिने हाताशी आली ती शाल पुढे केली. पण ती शाल आजोबांच्या अंगावरची आहे. त्यांचे आजारपण खरे, मुलाची घसरण खरी. खोटे आहे ते त्या दोहोंमधले 'म्हणून'. आणि डॉक्टराच्या हातून पुढे घडणारी असत्ये बहुधा याच जातीची असतील, असे आम्हांस भय वाटते. औषध दिले हे खरे, रोगी दगावला हेही खरे. मधला 'म्हणून' कोणता, हे पुष्कळदा त्या एकालाच ठाऊक असणार. तेथे त्याला कोण विचारणार? ज्याला आपल्या आळसाचे कारण आजोबांवर ढकलता आले, त्याला उद्या आपल्या हयगयीचे कारण रोगावर ढकलणे जड जाणार नाही. उलट, 'मी अभ्यास केला नव्हता; पुढे केला,' ही दोन वाक्ये जो लिहू शकतो, त्याने वैद्यकातला एक कठीण धडा प्रवेशापूर्वीच गिरविला आहे.

याने प्रवेश मिळेल काय? सांगता येत नाही. कदाचित ती चाळणी त्याची वाक्ये वाचण्यापूर्वीच त्याला खाली पाडील. पण जुना शेरा आपल्यामागे राहावा की आपल्यापुढे चालावा, एवढे तरी ज्याचे त्याच्या हाती असते. आम्ही स्नेह्यांना दुसऱ्या दिवशी इतकेच म्हणालो, की मुलाला सांगा, आजोबांना त्यात आणू नकोस. ते म्हणाले, "त्यानं रात्रीच तो मजकूर खोडला."