फिरती पेटी आणि थांबलेले घड्याळ

आपोआप किल्ली बसणारे एकच घड्याळ ज्याच्याजवळ असते, त्याला ते थांबल्याचा अनुभव क्वचितच येतो. दुसरे तसेच घड्याळ घरात आले की मात्र एक नवा प्रश्न उभा राहतो. घड्याळे दोन झाली तरी वापरायचे मनगट एकच असते. एक हातावर चालत असताना दुसरे कपाटात दीड-दोन दिवसांत थांबते. या अडचणीवर वाइंडर नावाची पेटी मिळते. तिच्यातील लहानशी मोटर घड्याळ ठरावीक वेळाने फिरवीत राहते आणि न घातलेले घड्याळही चालू राहते. ही पेटी घ्यावी काय, आणि घ्यायची तर कशी, हा वरवर पाहता खरेदीचा प्रश्न आहे. परंतु ज्या वस्तू माणूस बाळगतो पण वापरीत नाही, त्यांच्याविषयी त्याचे कर्तव्य कोणते, हा नैतिक प्रश्नही त्यात दडलेला आहे.

अशा घड्याळामागची मूळ कल्पना विचार करण्याजोगी आहे. १७७०च्या दशकात स्वित्झर्लंडमधील ल लोकल गावचा कारागीर अब्राहम-लुई पेर्ले याने चालणाऱ्या माणसाच्या हालचालीवर खिशातील घड्याळाला किल्ली बसविण्याची युक्ती साधली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने १९२०च्या दशकात ती मनगटी घड्याळात आणली. १९३१ साली रोलेक्स कंपनीने पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या रोटरची त्यात भर घातली. मनगट हलले की आतले वजन फिरते आणि कमान गुंडाळली जाते. माणूस पाणी भरतो, लिहितो, मुलाला उचलून घेतो. त्या हालचालींतून सांडणारी शक्ती घड्याळ टिपून घेते. देणाऱ्याला दिल्याचे भान नसते आणि त्याचे काही उणेही होत नाही. वाइंडर या व्यवहारातून माणसालाच वगळतो. मनगटाच्या जागी मनगटाची नक्कल करणारी मोटर येते, आणि जगता जगता फुकट मिळणारी शक्ती विजेच्या तारेतून विकत आणावी लागते.

घड्याळाच्या प्रकृतीसाठी हे आवश्यक आहे, असा एक समज आढळतो. बंद ठेवल्यास आतले तेल घट्ट होते, अशी भीती पूर्वीच्या तेलांच्या बाबतीत निराधार नव्हती. आजच्या कृत्रिम तेलांमुळे ती बरीच ओसरली आहे. उलट चालणाऱ्या यंत्राचीच झीज होते. विश्रांतीने घड्याळ मरत नाही. किल्ली थोडी फिरवली, काटे जुळविले, की ते पुन्हा चालू लागते. तेव्हा वाइंडर हे औषध नसून सोय आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे.

सोय म्हणजे दोष नव्हे. महिना, लीप वर्ष आणि चंद्रकला यांचा हिशेब ठेवणारे शाश्वत दिनदर्शिकेचे घड्याळ एकदा थांबले, की त्याच्या साऱ्या नोंदी पुन्हा जुळविणे हे किचकट आणि जोखमीचे काम असते. संधिवाताने बोटे आखडलेल्या वृद्धाला बारीक किल्ली ओढून फिरविणे यातनादायक असते. अशा ठिकाणी पेटीला नाके मुरडणे हा नीतीचा अहंकार होय. पण केवळ तारीख दाखविणारे साधे घड्याळ सुरू करण्यास दोन मिनिटे पुरतात. तीही वाचवावीशी वाटली, तर ती कशासाठी वाचवावयाची, याचे उत्तर मालकाने स्वतःला द्यावे.

येथे एक आक्षेप संभवतो. दोन मिनिटांच्या कामावर एवढा मोठा विचार कशाला? मोटरला वीज अगदी थोडी लागते, कोणाचे नुकसान होत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु प्रश्न विजेचा नाही. पूर्वी घटिकापात्र पाण्यात सोडीत. तळाच्या छिद्रातून पाणी शिरून ते चोवीस मिनिटांनी बुडे, आणि कोणीतरी ते उचलून पुन्हा रिकामे करी. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. काळ मोजण्यासाठी कोणाचे तरी लक्ष खर्ची पडे. थांबलेले घड्याळही असेच लक्ष मागते आणि सोबत एक हिशेब मांडते: इतके दिवस तू मला हात लावला नाहीस. योगसूत्रांनी यमांमध्ये गणलेला अपरिग्रह वस्तूंची संख्या सांगत नाही. आपल्यापाशी काय साठले आहे, याचे भान मात्र त्याला अभिप्रेत असावे. फिरती पेटी नेमके हे भान झाकते. सारी घड्याळे चालू दिसतात, म्हणून सारी वापरात आहेत असे वाटू लागते.

वारशाने आलेल्या घड्याळात हा प्रश्न अधिक हळवा होतो. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. दिवंगत वडिलांचे ‘कांचन’ कपाटात थांबलेले पाहणे मुलाला सहन होत नाही. ते चालू राहिले तर जणू तेही राहतील. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ते घड्याळ वडिलांच्या हालचालीवर चालत होते. मोटरने त्याचा ठोका टिकतो, संबंध टिकत नाही. महिन्यातून चार दिवस ते मुलाने हातावर बांधले, तर पूर्वी वडिलांच्या हाताने दिलेली शक्ती आता त्याचा हात देतो. उरलेले दिवस ते थांबले तरी त्यात अनादर नाही.

एवढा विचार करूनही पेटी घ्यावीशी वाटली, तर खरेदीतही तोच विवेक चालवावा. प्रत्येक यंत्राला दिवसाकाठी किती फेरे लागतात आणि ते कोणत्या दिशेने, हे ठरलेले असते. पुष्कळांना साडेसहाशे ते नऊशे फेरे पुरतात. कमान भरल्यावर ती आत सरकते, त्यामुळे जादा फेऱ्यांनी ती तुटत नाही. तरी झीज व्हायची ती होतेच. म्हणून फेरे आणि दिशा बदलता येणारी, मध्ये विश्रांती घेणारी, मोटरच्या चुंबकत्वापासून घड्याळाचे रक्षण करणारी पेटी पाहावी आणि कमीत कमी फेऱ्यांपासून सुरुवात करावी. ती शक्यतो एकाच घड्याळाची असावी. आठ खणांच्या पेटीत दोन घड्याळे ठेवली, की उरलेले सहा खण रिकामे दिसू लागतात. आणि रिकामा खण मालकाला जितक्या लवकर गरीब करतो, तितके थांबलेले घड्याळ कधीच करीत नाही.