चार दिवसांचं घर

इंग्लंडला लेकाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्या बायका भेटल्या की एक विषय हमखास निघतो. सुट्टीत सगळे मिळून खेड्याकडं एखादं कॉटेज भाड्यानं घेतात. स्वयंपाक आपला आपण करायचा. पण तिथल्या भांड्यांत आधी कुणी काय शिजवलं असेल? म्हणून कुणी कुकर नेते, कुणी तवा, कुणी चमचा-झाऱ्यापर्यंत सगळं. मला हे पटतं. पण भांड्याचा एवढा विचार करणाऱ्या आपण ज्या घरात राहतो, त्या घराचा विचार करतो का?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. व्रत चोरी न करण्याचं; आणि पाचांतल्या पहिल्या तीन भावना कशाबद्दल, तर राहायच्या जागेबद्दल! ओसाड जागी राहावं, दुसऱ्यानं सोडून दिलेल्या जागी राहावं, आणि तिसरी परोपरोधाकरण, म्हणजे आपण राहतो तिथं दुसऱ्याला अडवू नये. हे मुख्यतः मुनींसाठी आहे, खरं. पण चोरी आणि राहण्याची जागा यांचा संबंध आचार्यांना दिसला, तो आपल्याला दिसू नये का?

यॉर्कशायरमधलं हेल्मस्ली घ्या. माळरानाच्या कडेला वसलेलं लहानसं बाजारपेठेचं गाव. मध्ये चौक, शुक्रवारी तिथं बाजार, जवळच पडक्या किल्ल्याचा बुरूज, दगडी घरं, त्यांवर लाल कौलं. अशा गावांतली कितीतरी घरं आता पाहुण्यांसाठी आहेत. दाराशेजारच्या पेटीत किल्ली, तिचा नंबर आपल्याला आधीच कळवलेला. दुपारनंतर यायचं, जायच्या दिवशी सकाळी दहाला निघायचं. टेबलावर दूध, चहा, बिस्किटं. कपाटात ताटं-वाट्या मोजून. सगळं आहे, शेजारी म्हणावं असं माणूस मात्र घरात कुणी नाही.

त्याच माळरानापलीकडं समुद्रकाठी व्हिटबी आहे. तिथं 2022 च्या जूनमध्ये गावकऱ्यांचं मतदान झालं. नवीन बांधलेली घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत का, असा प्रश्न होता. मत देणाऱ्यांतल्या 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. तो कौल कुणावर बंधनकारक नव्हता. पण दुकानात, दवाखान्यात काम करणाऱ्या पोरांना स्वतःच्या गावात घर परवडेना, हे दुःख त्यातून बाहेर आलं. एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या नगरपालिकांना दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावता येतो. मात्र वर्षात 140 रात्री भाड्यासाठी खुलं आणि 70 रात्री खरोखर भाड्यानं गेलेलं घर धंद्यात मोजलं जातं, ते या करातून सुटतं. म्हणजे आपण जी रात्र घेतो ती त्या मोजणीत जमा होते.

"अक्का, आम्ही भाडं भरलंय की! चोरी कसली?" एक मैत्रीण म्हणाली. बरोबर आहे. मालकाचं आपण काही चोरलं नाही. पण धर्मशाळा आणि हे घर यांत फरक आहे. कुंभोज-बाहुबलीला किंवा श्रवणबेळगोळला आपण खोली घेतो, तेव्हा ती यात्रेकरूंसाठीच बांधलेली असते. तिथं आपण कुणाचा संसार हलवलेला नसतो. गावातलं जुनं घर मात्र संसारासाठी बांधलेलं असतं.

दुसरी बाजूही आहे. पाहुणे येतात म्हणून बेकरी चालते, बाजारातल्या भाजीवाल्याला गिऱ्हाईक मिळतं, आठवड्याला चादरी बदलायला येणाऱ्या बाईची चूल पेटते. एखाद्या शेतकऱ्यानं जुना गोठा दुरुस्त करून राहायला दिला असेल, तर तिथं कुणाचीच अडवणूक नाही. उलट सोडून दिलेल्या जागी राहण्यासारखंच झालं ते. म्हणून कॉटेज घेणं पाप, असं मी म्हणणार नाही. दोष सगळा आपला नाही, पण अगदी शून्यही नाही. अणुव्रत असतं ते अशाच ठिकाणासाठी. पूर्ण जमत नाही, म्हणून जेवढं जमतं तेवढं नेमानं करायचं. बुक करताना विचारावं, हे आधी कुणाचं राहतं घर होतं की गोठा? पीठ-भाजी शहरातून गाडीभर न नेता गावच्या बाजारात घ्यावी. निघताना भांडी आपल्याला जशी मिळावीत असं वाटतं, तशी लख्ख ठेवावीत.

आणि हा प्रश्न तिकडेच सोडून येऊ नये. पुण्यात, बेळगावात, "गुंतवणूक म्हणून" घेऊन कुलूप लावलेले फ्लॅट आपल्या समाजात थोडे नाहीत. गावातल्या मास्तरणीला, नर्सला भाड्याची खोली मिळत नाही आणि आपल्या किल्ल्या कपाटात लटकत असतात. त्या घरांत अभक्ष्य कधीच शिजलेलं नाही, हे खरं. तिथं काहीच शिजलेलं नाही. ती चूल शुद्ध म्हणायची का?