उपकाराची फेड

ज्यानें आपल्यावर उपकार केले त्याच्याविरुद्ध न्यायाचा पक्ष घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस कधीं ना कधीं पडला असेल. नडीच्या वेळीं ज्यानें पेरणीस बीं दिलें, त्याच्याच विरुद्ध चावडीवर साक्ष देण्याची पाळी आली म्हणजे भल्या मनुष्याचीही जीभ जड होते. फिलिपाईन बेटांत ह्या प्रश्नानें साऱ्या राज्यकारभारास वेढा घातला आहे. म्हणून त्या देशाचा वृत्तांत समोर ठेवून आम्ही आज त्याचा विचार करणार आहों.

तेथील तागालोग भाषेंत ‘उतांग ना लोओब’ असा एक शब्दप्रयोग आहे. उतांग म्हणजे ऋण आणि लोओब म्हणजे अंतर्याम. तेव्हां मनाच्या आंत राहिलेलें ऋण, असा त्याचा अर्थ. पैशाचें कर्ज व्याजासह फिटतें, हें फिटत नाहीं. आईबापांचें, संकटांत धांवून आलेल्या शेजाऱ्याचें, आजारांत औषध देणाऱ्याचें असें हें ऋण असतें. आणि ‘ह्याला तें नाहीं’ असें एखाद्यास म्हणणें ही तेथें मोठी शिवी समजतात. आम्ही ह्या गुणास हसत नाहीं. हा सद्गुणच आहे, आणि ह्याच्यावांचून गरिबांचीं गांवें एक पावसाळाही तग धरणार नाहींत. पण ह्याच गुणावर सत्ता कशी उभारतां येते, तें पाहावयाचें आहे.

स्पेनचे लोक १५६५ सालीं लेगास्पी ह्याच्या हाताखालीं तेथें कायमचे राहावयास आले. त्यापूर्वीं लोकांच्या लहान लहान वस्त्या असत. वस्तीस बारांगाय म्हणत (हा शब्द मूळचा होडीचा), व तिच्या नायकास दातू म्हणत. दातूनें आपल्या माणसांचें रक्षण करावें व माणसांनीं त्याची चाकरी करावी, अशी रीत होती. स्पॅनिश सरकारनें ह्या नायकांस काढून टाकिलें नाहीं. त्यांस कर गोळा करण्याच्या कामीं लाविलें. पूर्वीं जो आपल्या माणसांस जबाबदार होता, तो आतां वरच्या धन्यास जबाबदार झाला. माणसांच्या मनांतलें जुनें ऋण मात्र त्याच्याच नांवावर राहिलें. आमच्या मतें पुढच्या पुष्कळ अनर्थाचें मूळ येथें आहे.

स्पॅनिश मनुष्य म्हणून खेड्यांत बहुधा एकटा मठवासी धर्मगुरुच दिसे. तो बाप्तिस्मा देई, शाळेवर देखरेख करी, आणि कित्येक ठिकाणीं त्याचाच संघ जमिनीचा मालक असे. कालांबा येथील मोठी जमीन दोमिनिकन संघाची होती. तेथील कुळांनीं खंडाविषयीं तक्रार केली, तेव्हां १८९० व १८९१ सालीं पुष्कळांस घराबाहेर काढण्यांत आलें. त्यांत प्रसिद्ध ग्रंथकार होसे रिसाल ह्यांचें कुटुंबही होतें. ज्यांनीं धर्म दिला त्यांच्याशीं जमिनीवरून भांडणें हा कृतघ्नपणा होय, असें मानणारे तेव्हां थोडे नव्हते. पुढें ३० डिसेंबर १८९६ रोजीं रिसाल ह्यांस मनिला येथें गोळ्या घालून ठार मारिलें.

ही रोमन मठांची गोष्ट वाचून आमच्यांतील कोणी समाधानानें मान डोलावूं नये. १२ जून १८९८ रोजीं फिलिपिनो पुढाऱ्यांनीं स्वातंत्र्य जाहीर केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्पेननें दोन कोटि डॉलर घेऊन तीं बेटें अमेरिकेच्या हवालीं केलीं. ज्यांचा देश त्यांस कोणी विचारिलें नाहीं. अध्यक्ष मॅकिन्ली ह्यांनीं कांहीं मेथडिस्ट पाहुण्यांस, आपण गुडघे टेकून प्रार्थना केली व ह्या लोकांस सुधारून ख्रिस्ती करणें हेंच कर्तव्य दिसलें असें सांगितलें, असा वृत्तांत १९०३ सालीं छापला गेला. त्यांचे शब्द नेमके तेच होते कीं नाहीं ह्याविषयीं शंका घेतली जाते. तथापि ते लोक तीनशें वर्षांपासून बहुतांशीं ख्रिस्तीच होते, ह्याची आठवण त्या वृत्तांतांत नाहीं. आणि १९०१ सालीं प्रॉटेस्टंट मिशनांनीं तीं बेटें आपसांत वांटून घेतलीं, तींही सैन्याच्या निशाणाच्या छायेंतच. तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

त्याच १९०१ सालच्या आगस्टांत ‘थॉमस’ नांवाचें जहाज पांचशेंहून अधिक अमेरिकन शिक्षक घेऊन मनिलास पोहोंचलें. हे लोक दूरदूरच्या खेड्यांत गेले. त्यांतले कांहीं रोगानें तेथेंच मेले. त्यांचें काम खोटें होतें असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. परंतु तें जहाज आल्यावर पांच आठवड्यांनीं, २८ सप्टेंबर रोजीं, सामार बेटांतील बालांगिगा गांवच्या लोकांनीं तेथल्या अमेरिकन शिपायांवर हल्ला करून अठ्ठेचाळीस जणांस मारिलें. आणि त्याचा सूड म्हणून जनरल स्मिथ ह्यानें सारें बेट ओसाड करण्याची व दहा वर्षांवरील, शस्त्र धरूं शकणाऱ्या सर्वांस मारण्याची आज्ञा दिली. लष्करी न्यायसभेनें त्यास दोषी ठरविलें खरें, पण शिक्षा म्हणजे केवळ कानउघाडणी व सक्तीची निवृत्ति. गांवच्या देवळाच्या तीन घंटा शिपायांनीं नेल्या; त्या २०१८ सालच्या डिसेंबरांत परत आल्या.

आतां कोणी म्हणेल, शाळा व रक्तपात दोन्ही एका ताजव्यांत घालून पाहा, कोणतें पारडें जड आहे तें. आम्हांस हा हिशेबच मान्य नाहीं. ज्या शिक्षकानें अक्षर शिकविलें त्याचें ऋण विद्यार्थ्यानें त्या शिक्षकास द्यावें, मनापासून द्यावें. तें जनरलाच्या खात्यांत जमा होऊं शकत नाहीं. आणि जें मुळांत ज्याचें त्यासच परत दिलें, त्याला उपकार म्हणतां येत नाहीं. सरकारनें १९०३ सालीं मठांची सुमारें चार लाख एकर जमीन ७२ लाख डॉलरांस विकत घेतली, कुळांस देण्यासाठीं. कांहीं कुळांस ती मिळालीही. पण किंमत व हप्ते गरिबांस झेपेनात, आणि तिचा मोठा भाग पैसेवाल्यांकडे गेला. १९०७ सालीं प्रतिनिधिसभा निघाली, तेव्हां मताचा अधिकार मालमत्ता, जुनें अधिकारपद किंवा इंग्रजी अथवा स्पॅनिश लिहितांवाचतां येणें, ह्यांवर ठेविला. म्हणजे ज्यांचे आजे दातू व ज्यांचे बाप करवसुलीचे नायक, बहुधा तेच निवडणारे व तेच निवडलेले.

४ जुलै १९४६ रोजीं स्वातंत्र्य मिळालें, तेंही असेंच देणगीच्या रूपानें. युद्धांत मनिला शहर धुळीस मिळालें होतें. पांचशें डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई हवी तर अमेरिकन लोकांस आपल्या खाणींत व जंगलांत तुमच्याइतकाच हक्क द्या, अशी अट होती. तीसाठीं नव्या देशास आपली घटना बदलावी लागली.

अध्यक्ष मार्कोस ह्यांनीं १९७२ सालीं लष्करी कायदा पुकारिला. १९८६ सालीं लोकांनीं रस्त्यावर येऊन त्यांस घालवून दिलें. त्यांच्या जागीं आलेल्या कोराझोन आकीनो स्वतः एका मोठ्या जमीनदार घराण्यांतल्या. त्या घराण्याची ‘आसिएंदा लुइसिता’ ही उंसाची जमीन शेतमजुरांस वांटावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कायम व्हावयास २०१२ साल उजाडलें. १९८७ च्या घटनेंत घराणेशाहीस बंदी घालावी असें कलम आहे. पण बंदी कोणती हें कायद्यानें ठरवावयाचें, आणि तीस वर्षांहून अधिक काळ प्रतिनिधींनीं तसा पुरा कायदा केला नाहीं. त्यांतले पुष्कळ तशाच घराण्यांतले. मार्कोस ह्यांचे पुत्र २०२२ सालीं अध्यक्ष निवडले गेले.

ह्यावर लोक मूर्ख आहेत असें म्हणणारे शहरांत पुष्कळ भेटतात. पण खेड्यांतील मनुष्याची अडचण पाहा. त्याच्या बायकोच्या औषधाचा खर्च नगराध्यक्षानें दिला. त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं तोच धर्मपिता म्हणून उभा राहिला. निवडणूक आली. तो मनुष्य लबाड असता तर त्यास कांहींच अवघड नव्हतें. तो प्रामाणिक आहे, म्हणूनच अडला आहे. आम्ही त्यास काय सांगूं? नगराध्यक्षाच्या घरीं दुःख झालें तर सर्वांच्या आधीं जा. त्याच्या घरास आग लागली तर पाणी घेऊन धांव. त्यानें खर्च स्वतःच्या पदरचा केला असेल तर आयुष्यभर त्याचें नांव आदरानें घे. मत मात्र तुझ्या एकट्याचें धन नाहीं, कीं तें तूं आपल्या ऋणांत देऊन टाकावें. त्यांत शेजारच्या त्या विधवेचाही वांटा आहे, जिच्या औषधाचा खर्च कोणीच दिला नाहीं.