वाडीखालचे शहर

प्राचीन शहराचे अवशेष म्हटले की सुशिक्षित मनासमोर संगमरवरी खांबांच्या रांगा, डोंगरउतारावर कोरलेले नाट्यगृह आणि फरसबंद रस्ते उभे राहतात, आणि ही प्रतिमा मुख्यतः भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक नगरांच्या उत्खननांनी घडवलेली आहे. तीच मोजपट्टी घेऊन रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील चौल येथे गेलेल्या अभ्यासकाच्या हाती प्रथमदर्शनी काहीच लागत नाही. कुंडलिकेच्या मुखाजवळ नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांना पाणी पुरवणाऱ्या विहिरी, रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करणी एवढेच दिसते. तरीही ग्रीक भाषेत लिहिणाऱ्यांना हे बंदर चांगले ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथाचा, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या नाविकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेचा, अज्ञात कर्ता कल्याणनंतरच्या बंदरांत ‘सेमुल्ला’चे नाव देतो. सुमारे शंभर वर्षांनी अलेक्झांड्रियाचा भूगोलवेत्ता टॉलेमी ‘सिमुल्ला’ लिहितो आणि तेथील रहिवासी त्याला ‘तिमुला’ म्हणतात अशी माहितीही जोडतो.

टॉलेमीच्या या नोंदीचे महत्त्व केवळ नावापुरते नाही. मारिनोस या पूर्वसूरीने हे बंदर सिंधूच्या मुखाच्याही पश्चिमेला ढकलले होते, आणि ती चूक टॉलेमी प्रत्यक्ष त्या किनाऱ्यावर जाऊन-येऊन असलेल्या लोकांच्या सांगण्यावरून दुरुस्त करतो. दूरच्या ग्रंथालयात बसलेल्या विद्वानाने जगाचा नकाशा सुधारताना या बंदराशी व्यवहार करणाऱ्यांची साक्ष प्रमाण मानली, ही गोष्ट चौलच्या इतिहासात कोणत्याही खांबापेक्षा मोलाची मानली पाहिजे. शहराच्या बाजूनेही साक्ष आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुला’ येथील रहिवाशाच्या दानाची नोंद आहे, तर घाटमाथ्यावरील कार्ले येथे स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्या, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडून आलेल्या समूहाशी नाते सांगणाऱ्या दात्यांनी चैत्यगृहाचे खांब दान दिले आहेत. कोकणात ग्रीकांचे शहर कधी नव्हते. ग्रीकांना माहीत असलेले, पण सर्वस्वी येथल्याच मातीचे शहर मात्र होते.

मग ते दिसत का नाही? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ग्रीक शहरे का दिसतात याचा विचार करणे आवश्यक आहे. उत्तर ग्रीसमधील ऑलिंथस हे नगर इ.स.पू. 348 मध्ये मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर तेथे पुन्हा मोठी वस्ती झाली नाही, म्हणूनच 1928 ते 1938 या काळात डेव्हिड रॉबिन्सन यांना तेथील शंभराहून अधिक घरांचे आराखडे जमिनीतून जवळजवळ जसेच्या तसे वाचता आले. आशिया मायनरमधील प्रिएने नदीच्या गाळामुळे समुद्राला पारखे झाले आणि हळूहळू ओस पडले. ज्यांना आपण थोर अवशेष म्हणतो ते बहुतेक वेळा शहराच्या मृत्यूने राखून ठेवलेले असतात; जे शहर जगत राहते ते आपल्याच जुन्या भिंती उपसून नव्या घरांना लावते.

चौल जगत राहिले. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी ‘सैमूर’ या नावाने त्याचे वर्णन करतो आणि तेथे सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचे सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला तटबंदी उभारली आणि 1740 मध्ये ती मराठ्यांकडे आली. या दीर्घ काळात प्रत्येक पिढीने त्याच पट्ट्यात विहिरी खणल्या, पाया घातला, आगरे लावली. त्यात कोकणची हवा. देशावर मातीची घरे शतकानुशतके त्याच जागी ढासळत गेल्याने पांढरीची टेकाडे उंचावतात आणि ती दुरूनही ओळखू येतात. येथे वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस माती वाहून नेतो, लाकूड कुजवतो, आणि जांभ्याचा चांगला चिरा कुणी वाया जाऊ देत नाही.

1990च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांचे सहकारी यांनी येथे जे उत्खनन केले ते म्हणूनच ऑलिंथसच्या अर्थाने शहर उघडे करणे नव्हते. वाड्यांमधल्या मोकळ्या जागी छोटे चर घ्यायचे आणि थरांचा, म्हणजे एकावर एक साचलेल्या मातीच्या कालक्रमाचा, अर्थ लावायचा, असे ते काम होते. त्यातून सातवाहनकालीन विटांचे बांधकाम, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेली विहीर आणि खापरे मिळाली. खापर हाच येथला मुख्य दस्तऐवज आहे, कारण ते कुजत नाही, वितळत नाही आणि कुणी चोरून नेत नाही.

या दस्तऐवजाच्या वाचनातही ग्रीक-रोमन प्रतिमेने दीर्घकाळ दिशाभूल केली. पश्चिम किनाऱ्यावर मिळालेल्या परदेशी कुंभांची पुष्कळशी खापरे ‘अँफोरा’ची, म्हणजे भूमध्य प्रदेशातून मद्य व तेल आणणाऱ्या दोन कानांच्या कुंभांची, मानली गेली होती. रोबर्टा टॉम्बर यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील अशी खापरे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतील बरीचशी ‘टॉर्पेडो’ कुंभांची निघाली. हे कुंभ लांबट, बिनकानांचे, टोकदार बुडाचे आणि आतून डांबर माखलेले असतात, आणि ते मेसोपोटेमिया व इराणी आखाताच्या बाजूचे आहेत. ही दुरुस्ती निराशाजनक मुळीच नाही. रोमच्या वैभवाशी नाते जोडण्याच्या उत्साहात आखाताशी असलेला, कितीतरी अधिक काळ टिकलेला शेजार झाकला गेला होता, आणि अल-मसूदीने पाहिलेल्या वस्तीची पूर्वपीठिका त्या डांबराच्या काळ्या थरात उमटलेली आहे.

रेवदंड्याला येणारा प्रवासी मात्र पोर्तुगीज तट आणि सातखणी मनोरा पाहून ‘जुने चौल’ पाहिल्याचे समाधान मानतो. ते अवशेष निःसंशय भव्य आहेत, पण टॉलेमीच्या काळापासून मोजले तर ते या शहराच्या आयुष्यातील अगदी अलीकडचे प्रकरण ठरतात. संरक्षणाची व्यवस्थाही डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीभोवतीच आखलेली असते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत नियंत्रण असते, परंतु ज्या वाडीच्या मातीत दोन हजार वर्षांची खापरे विखुरली आहेत ती वाडी स्मारक म्हणून जाहीर झालेली नसेल तर तिला हा नियम लागूच होत नाही.

पिढ्यान्पिढ्या आगर राखणाऱ्या माणसाची कुदळ फार खोल जात नव्हती, आणि विहीर खणताना विटा लागल्या तर गावात त्याची चर्चा तरी होई. अलिबाग तालुक्यात जमिनीला आलेला भाव, बंगल्यांसाठी होणारे सपाटीकरण आणि पोहण्याच्या तलावांसाठी यंत्राने खणले जाणारे खोल खड्डे यांनी ही स्थिती पालटली आहे. एका दिवसात उपसलेला खड्डा थरांचा क्रम कायमचा मिसळून टाकतो, आणि मिसळलेल्या मातीतील खापर कुठल्या शतकाचे आणि कुणाच्या शेजारी पडलेले होते हे नंतर कितीही बारकाईने तपासले तरी कळत नाही. चौल-रेवदंड्याच्या परिसरात पायाखोदाईपूर्वी एखाद्या पुरातत्त्वज्ञाने चार दिवस चर घेऊन नोंद करावी, एवढी अट बांधकाम परवानगीतच घालता येईल. त्यासाठी वाड्या उठवण्याची गरज नाही, उलट वाडी टिकली तरच खालचे थर टिकतील. मिळालेली खापरे खोक्यांत नीट नोंदवून ठेवली, तर पुढच्या पिढीतील एखादी टॉम्बर आजच्या अभ्यासकांचेही निष्कर्ष दुरुस्त करू शकेल.