काटा खोटा, हात खरा?

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. वरच्या तलावात गाळ ढवळला, तर खालच्या बांधीत निवळ पाणी येत नाही, हे इथल्या धानकऱ्यास सांगावे लागत नाही. धन्याच्या स्वभावाचेही तसेच आहे काय, हा प्रश्न मध्यंतरी आमच्यापुढे उभा राहिला.

तुमसरकडील एका गावी कीर्तन आटोपल्यावर विड्या वळणारी एक म्हातारी पायांवर डोके ठेवून म्हणाली, "महाराज, माझ्या हातून पाप होते." ठेकेदार तेंदूची पाने देतो ती कमी, त्यांतही फाटकी. विड्या मात्र हजाराच्या हिशेबाने पुऱ्या हव्यात. छाट करताना तो चांगल्याही विड्या बाजूला काढतो. त्यांची मजुरी बुडते आणि विड्या त्याच्याकडेच राहतात. बोलले, तर दुसऱ्या दिवशी पानेच मिळत नाहीत. म्हणून ती तंबाखू कमी भरते आणि हलक्या विड्या कट्ट्याच्या मधोमध दडवते. "त्याचा काटा खोटा, मंग मी हात खरा कसा ठेवू?"

आम्ही ठरावीक उत्तर दिले: ज्याचे कर्म त्याच्या माथी. म्हातारी मुकाट्याने उठून गेली. (विडी ओढू नका, असेही त्याच कीर्तनात आम्ही सांगितले होते. ती वळणारीच्या पोटाचे काय, हे सुचले नाही.)

घरी आल्यावर ते उत्तर आम्हांसच बोचू लागले. थोर जसे वागतात तसे लोक वागतात, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आपण नित्य वाचतो. थोराचे वाईटही असेच खाली उतरते, हे मात्र विसरतो. कारखानदार ठेकेदाराला छाटतो, ठेकेदार बाईला, बाई कट्ट्याला. आणि धन्याच्या लोभाहून त्याचा दरारा अधिक घातक. त्याच्यापुढे तोंड उघडता आले नाही, की गाऱ्हाणे हातांतून निघते. पाने देणे, विड्या नाकारणे यांवरचे तंटे झटपट मिटवावे, अशी तरतूद १९६६ च्या विडी कामगार कायद्यात केली होती. पण तंटा मांडायला आधी बोलावे लागते ना!

म्हातारी निर्दोष, असे आम्ही म्हणत नाही. पण पाप तिला वाटले, तिने ते बोलून दाखवले. ठेकेदार कीर्तनात अगदी पुढे बसला होता. त्याने काही विचारले नाही.

माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, ती तेवढी टाळ वाजवीत राहते. मग चोपदारास तिच्याकडे जाऊन ते ऐकावेच लागते. त्या दिंडीला कोणी उद्धट म्हणत नाही.

पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा म्हातारीला हे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आमच्या काट्यापाशी चोपदार कोन, महाराज?"