विष्णुपदावरचे वनभोजन : क्रीडा, स्नेह आणि उपासना

मार्गशीर्ष महिन्यात पंढरपूरचा विठ्ठल आपल्या राऊळात नसतो, तो विष्णुपदावर मुक्कामाला गेलेला असतो, अशी वारकरी समाजाची दृढ श्रद्धा आहे. आणि म्हणूनच त्या महिन्यात पंढरपूरची व आसपासच्या गावांची कुटुंबेच्या कुटुंबे, आजी-आजोबांपासून कडेवरच्या मुलापर्यंत सारी मंडळी, भाकऱ्यांची शिदोरी बांधून गोपाळपूरच्या वाटेने चालत किंवा चंद्रभागेतून नावेने तेथे पोहोचतात. दिवसभराच्या त्या मुक्कामात पादुकांचे दर्शन असते, स्नान असते, कोठे टाळ-मृदंगावर भजन चाललेले असते, मुले वाळूत खेळत असतात, आणि दुपारी सतरंज्या पसरून पंगती बसतात. या सगळ्या व्यवहारात दर्शनाला लागणारा वेळ अगदी थोडा आणि नौकाविहार, खेळ, गप्पा व जेवण यांचा वेळ पुष्कळ, हे कोणाच्याही लक्षात येईल. हा दिवस यात्रेचा मानावा की सहलीचा, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. त्याच्या पोटात आणखी एक जुना प्रश्न आहे : आप्तांसह घेतलेला निखळ आनंद ही उपासना होऊ शकते काय, की उपासनेच्या आड येणारी ती एक सवलत आहे?

विष्णुपद हे नदीच्या पात्रात चौथऱ्यावर खांब उभारून बांधलेले, चहूबाजूंनी मोकळे असे मंदिर आहे. त्यातील शिळेवर श्रीकृष्णाची पावले, गाईंच्या खुरांचे ठसे आणि काल्याची वाटी यांच्या खुणा दाखवल्या जातात. रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीच्या शोधार्थ कृष्ण गोपाळांसह या भागात आला, गाई-गोपाळ गोपाळपूरला थांबले आणि येथे त्याने सवंगड्यांबरोबर भोजन केले, अशी एक कथा आहे. दुसरी कथा याहून अगदी वेगळ्या भावाची आहे. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. तो सोहळा पाहून परतलेला विठ्ठल इतका व्याकूळ झाला की त्याला राऊळात जाववेना, आणि तो महिनाभर या एकांतात राहिला.

एकाच शिळेभोवती एक कथा सहभोजनाची आणि एक वियोगाची असावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. देव शोकाने एकांतात बसला असेल, तर भक्तांनी तेथे जाऊन जेवणावळी मांडणे वरकरणी विसंगत दिसते. परंतु ज्या घरी मृत्यू घडला आहे तेथे चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणि सोयरे जेवण करून घेऊन जातात, दुःखी माणसाला एकटे जेवू देत नाहीत, हा महाराष्ट्रातील घरोघरचा रिवाज ध्यानात घेतला की ही विसंगती उरत नाही. परंपरा हा अर्थ शब्दांनी सांगत नाही, हे खरे. तरी शिदोरी घेऊन विष्णुपदावर जाणारा समाज दुखवट्यातील देवाला सोबत करण्यासाठीच जातो, असे समजणे त्या दोन्ही कथांना सर्वांत अधिक न्याय देणारे आहे.

या समजुतीवर धर्मशास्त्राकडून येणारा आक्षेप मात्र हलका नाही. ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे महाभारताच्या वनपर्वात सांगितले आहे. मूळच्या पैठणच्या घराण्यातील आणि काशीत कीर्ती मिळवलेल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात लिहिलेला ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या विधींचा ग्रंथ. अशा ग्रंथांतून तीर्थयात्रेचा जो साचा दिसतो तो उपवास, क्षौर, स्नान, श्राद्ध आणि दान यांचा आहे. या दृष्टीने यात्रा हे व्रत आहे आणि व्रतात भोगाचा संकोच अपेक्षित आहे. हा विचार केवळ पोथ्यांत राहिलेला नाही. झारखंडमधील पारसनाथ पर्वतावरील सम्मेद शिखरजी, जेथे चोवीसांपैकी वीस तीर्थंकरांचे निर्वाण झाले असे जैन परंपरा मानते, तेथे पर्यटनाला उत्तेजन देण्याच्या धोरणाविरुद्ध जैन समाजाने देशभर आंदोलन केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक उपक्रमांना स्थगिती दिली. ज्या पर्वताची वंदना अनेक यात्रेकरू अनवाणी आणि उपाशी राहून करतात, तेथे कोणी सहलीचे डबे उघडून बसणे हा त्यांच्या श्रद्धेचा अवमान होता, आणि त्यांची हरकत सर्वथा योग्य होती.

तथापि शिखरजीचा न्याय विष्णुपदाला लावता येत नाही, कारण प्रत्येक तीर्थ एखाद्या विशिष्ट कृतीचे स्मरण असते आणि तेथील आचार त्या कृतीला अनुसरून ठरतो. जेथे देहत्यागाचे स्मरण आहे तेथे उपवास शोभतो. जेथे देवाने मित्रांबरोबर घास वाटून घेतल्याचे स्मरण आहे तेथे उपाशी परतणे हीच उणीव ठरते. महाराष्ट्राच्या धर्मजीवनाला ही दृष्टी फार पूर्वीपासून परिचित आहे. महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींचा जेथे जेथे संचार झाला ती स्थाने काळजीपूर्वक नोंदवलेली आहेत, आणि बसणे, चालणे, जेवणे अशा साध्या कृतींनीही भूमी पूजनीय होते, असे त्या नोंदींमागचे गृहीत आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली कुटुंबासह जेवण्याचा आवळीभोजनाचा आचारही याच जातीचा आहे.

प्रश्नाचे तात्त्विक अंग यापुढे सुरू होते. ब्रह्माला काहीच मिळवायचे नाही, मग त्याने जग का निर्माण केले, या शंकेला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात लीलेचे उत्तर दिले आहे. लीला म्हणजे ज्या कृतीला स्वतःबाहेरचे प्रयोजन नाही अशी कृती. या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी दिलेला दृष्टांत प्रस्तुत विषयाच्या फार जवळचा आहे : ज्याच्या सर्व इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा किंवा त्याचा अमात्य कोणत्याही फळाची अपेक्षा न धरता क्रीडाविहारात रमतो, तशी ईश्वराची प्रवृत्ती असते. अद्वैताच्या कठोर आचार्याला ईश्वराचे स्वरूप समजावताना यज्ञाचा किंवा तपाचा दृष्टांत सुचला नाही. मोकळ्या हवेतल्या विहाराचा सुचला, कारण यज्ञ आणि तप यांच्यामागे काही साधायचे असते. यात्रेकरू एरवी देवाकडे काहीतरी मागायला जातो. विष्णुपदावर नदीकाठी मुलांबरोबर खेळण्यात दिवस घालवणारा माणूस त्या दिवसापुरता मागणे विसरतो, आणि तेवढ्या अंशाने त्याची कृती ईश्वराच्या कृतीसारखी होते, असे म्हणण्यास या भाष्यात आधार आहे. अर्थात राजा पूर्णकाम आहे आणि सामान्य संसारी माणूस नाही, हा भेद विसरून चालणार नाही. माणसाची क्रीडा फार लवकर हव्यासात बदलते.

हा भेद विद्यारण्यांच्या नावावरील ‘पंचदशी’ या चौदाव्या शतकातील ग्रंथाने अधिक बारकाईने तपासला आहे. त्याच्या अखेरच्या पाच प्रकरणांचा विषय आनंद हाच आहे आणि शेवटचे प्रकरण विषयानंदाचे, म्हणजे खाणे-पिणे, आप्तांचा सहवास अशा बाह्य वस्तूंपासून मिळणाऱ्या सुखाचे आहे. विषयानंद हा ब्रह्मानंदाचाच अंश असून त्याच्याकडे जाण्याचे दार आहे, असे तेथे मानले आहे. परंतु हे दार प्रत्येक वेळी उघडे असतेच असे नाही. ग्रंथकार मनाच्या वृत्तींचे तीन वर्ग करतो : वैराग्य, क्षमा, औदार्य इत्यादी शांत वृत्ती, तृष्णा, स्नेह, राग, लोभ इत्यादी घोर वृत्ती, आणि मोह, भय इत्यादी मूढ वृत्ती. घोर आणि मूढ वृत्तींत ब्रह्माचे केवळ चैतन्य प्रतिबिंबित होते, शांत वृत्तींत मात्र चैतन्याबरोबर आनंदही उमटतो.

या यादीत एक गोष्ट वाचकाला थबकायला लावते. स्नेह, म्हणजे आपल्या माणसांबद्दलची ओढ, ही येथे लोभाच्या पंगतीला बसवली आहे. कुटुंबाच्या सहलीचा तर सारा आधार स्नेहावर असतो. मग आई-वडील, मुले, भावंडे यांनी एकत्र घालवलेला सुखाचा दिवस आनंदाला पारखाच म्हणायचा काय? पंचदशीकारांचा रोख कोठे आहे हे समजून घेतले तर उत्तर सापडते. आपल्याच सतरंजीपुरता पाहणारा, शेजारच्या मुलाच्या हातात काही नाही हे न दिसणारा स्नेह हा खरोखरच लोभाचा सख्खा भाऊ आहे; तोच स्नेह सतरंजीची कड ओलांडून पुढे गेला की त्याचे औदार्य होते, आणि औदार्याची गणना शांत वृत्तीत केलेली आहे.

हे स्थित्यंतर कसे घडते, हे भागवताच्या दशम स्कंधातील वनभोजनाच्या कथेत दिसते. यमुनेच्या वाळवंटात गोपबालक कृष्णाभोवती गोलाकार बसतात. कोणी पानावर, कोणी फुलांवर, कोणी सालीवर, कोणी दगडावर आपले अन्न मांडतो आणि एकमेकांना चव दाखवत, हसत-हसवत जेवतो. यज्ञातील हविर्भागाचा जो स्वामी, तो कमरेला बासरी खोचून, डाव्या हातात दहीभाताचा घास धरून त्यांच्यामध्ये बसलेला असतो. हे पाहून ब्रह्मदेवाला संशय येतो आणि तो वासरे व मुले पळवून लपवतो. ब्रह्मदेव हा यज्ञसंस्थेचा, विधींचा अधिष्ठाता; पोरांमध्ये बसून जेवणारा परमेश्वर कसा असेल, हा त्याचा प्रश्न आणि यात्रेत सहल कशी चालेल, हा शास्त्र्यांचा प्रश्न मुळात एकच आहे. कृष्ण स्वतःच सर्व मुलांची आणि वासरांची रूपे घेतो आणि वर्षभर घरोघरी राहतो. त्या वर्षात आयांचे मुलांवरील आणि गाईंचे वासरांवरील प्रेम अपूर्व वाढते. कृष्ण तर दुसऱ्याच्या पोटचा. मग गोकुळवासीयांना स्वतःच्या मुलांहूनही तो अधिक प्रिय कसा, असे परीक्षित पुढे विचारतो, तेव्हा शुक सांगतात की प्रत्येकाला अखेर आत्माच सर्वाधिक प्रिय असतो आणि कृष्ण हा सर्वांचा आत्मा आहे. संशय फिटलेला ब्रह्मदेव स्तुती करतो तीही हातात घास धरलेल्या त्याच बालकाची. भागवताने स्नेहाचा निषेध केला नाही. त्याने परक्याच्या मुलापर्यंत स्नेहाची मर्यादा नेली आणि तेथे देव उभा केला.

मराठी संतांनी हा प्रसंग काल्याच्या रूपाने आपलासा केला. प्रत्येकाने घरून आणलेली शिदोरी एकत्र कालवून सर्वांनी वाटून खाणे म्हणजे काला. या काल्याच्या उष्ट्या शितांसाठी देव यमुनेत मासे होऊन आले, म्हणून कृष्णाने सवंगड्यांना हात पाण्यात धुऊ नका, असे बजावले, ही कथा मराठी कीर्तनांतून पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे. कालवलेल्या अन्नात कोणाची भाकरी आणि कोणाचा भात हे ओळखू येत नाही, आणि ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे याचे नियम जन्मावर बेतलेले होते त्या समाजात हे अन्न प्रसाद ठरावे, याचे मोल मोठे आहे. त्याचबरोबर वाळवंटात काला वाटणाऱ्या याच पंढरीत विठ्ठलमंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, हेही नोंदवले पाहिजे. वाळवंटातील समता शतकानुशतके उंबरठ्याच्या आत शिरू शकली नव्हती. काल्याचा अर्थ पाठ होता, पण तो मंदिरापर्यंत पोहोचला नव्हता.

या सर्व विचारातून विष्णुपदावरच्या दिवसाची कसोटी हाती येते. तेथे हसणे-खेळणे किती झाले आणि नामस्मरण किती झाले, या हिशेबाला अर्थ नाही. अन्न कोणाकोणात वाटले गेले, एवढेच विचारण्याजोगे आहे. आपापले डबे आपापल्या वर्तुळात उघडून, कागदी-प्लास्टिकच्या थाळ्या पात्रात टाकून परतणारे कुटुंब देवाच्या दारी जाऊनही घरीच जेवले, असे म्हणावे लागते. पाने, साली आणि दगड यांच्यावर जेवणाऱ्या गोपाळांनी यमुनेकाठी काही टाकून ठेवल्याचे भागवतात नाही. उलट ज्यांच्या भाकरीत शेजारच्या सतरंजीवरचा, नावाड्याचा, एकट्याने वारीला आलेल्या म्हातारीचा वाटा निघतो, त्यांनी पोथी उघडली नाही तरी त्यांची यात्रा पुरी झाली. मार्गशीर्षात विष्णुपदावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने शिदोरी बांधताना चार भाकऱ्या अधिक घ्याव्यात आणि त्या अनोळखी हातांत देऊन मगच आपला घास उचलावा.